‘ने’ की ‘यांनी’? मराठीतल्या सत्तेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाषेत सत्ता असते म्हणजे नेमकं काय? शिव्या आणि जातिवाचक शब्द, एवढंच ना?

शिव्या सगळ्यांना ऐकू येतात, म्हणून त्यांच्यावर भांडता तरी येतं. खरं काम त्याहून शांतपणे चालतं. क्रियापदाला कुठला प्रत्यय लागला, वाक्यात कर्ता आहे की गाळला आहे, नावाआधी काय लिहिलं, ‘आपण’ म्हणताना कोणाला धरलं आणि कोणाला वगळलं, या गोष्टी बोलणाऱ्याच्याही लक्षात येत नाहीत. त्या ठरवून केलेल्या नसतात, सवयीच्या असतात. सवय मात्र एका विशिष्ट समाजरचनेतून आलेली असते आणि दर वाक्यागणिक ती रचना ‘हे असंच असतं’ म्हणून पुढे चालवते.

शब्द बदलणं तुलनेनं सोपं आहे. एखादा शासन निर्णय निघतो आणि फलक बदलतात. क्रियापदांवर मात्र कोणी शासन निर्णय काढत नाही. म्हणून खालच्या उत्तरांत शब्दांपेक्षा व्याकरणावर जास्त भर आहे.

रोजच्या बातमीत हे कसं ओळखायचं?

एक पेन्सिल घ्या आणि बातमीतल्या प्रत्येक माणसाच्या नावाला किंवा पदाला कुठला प्रत्यय लागलाय त्याखाली रेघ मारा. नमुन्यादाखल ही दोन वाक्यं पाहा:

‘आयुक्तांनी घटनास्थळाची पाहणी केली. सफाई कामगाराने सांगितले की तो सकाळी सहा वाजता कामावर आला होता.’

आयुक्तांना ‘-नी’, कामगाराला ‘-ने’. आयुक्त ‘आले’, कामगार ‘आला’. डॉक्टर महिला ‘त्या म्हणाल्या’, शेतमजूर महिला ‘ती म्हणाली’. वय, अनुभव, घटनेची माहिती, कशाचाच इथे संबंध नाही. साठीचा रिक्षाचालक ‘म्हणतो’ आणि पंचविशीतले अधिकारी ‘म्हणतात’. मराठीत आदर हा वेगळा शब्द लावून दाखवायचा ऐच्छिक प्रकार नाही, तो क्रियापदातच कोरलेला आहे. त्यामुळे एकेरी की अनेकवचनी हे ठरवल्याशिवाय वाक्य पुरंच होत नाही. इंग्रजीत बातमीदाराला ही निवड करावी लागत नाही. आपल्याकडे दर वाक्याला करावी लागते, आणि ती बहुतेक वेळा पद, पैसा आणि जात पाहून होते.

अटक झाल्याक्षणी काय होतं तेही पाहण्यासारखं असतं. कालपर्यंत ‘अमुक यांनी’ असलेला माणूस आज ‘अमुकने’ होतो. खटला उभा राहायचाय, कायदा त्याला अजून निर्दोष मानतो, पण व्याकरणानं निकाल दिलेला असतो. बडा राजकारणी असेल तर मात्र कोठडीतही ‘यांना’ टिकून राहतं.

संपादकांची अडचण खरी आहे. ‘शेतकऱ्यांनी सांगितले’ असं लिहिलं तर एक शेतकरी की अनेक, हे कळत नाही. यावर सोपा उपाय आहे: नाव लिहा आणि पुढे ‘यांनी’ जोडा. ‘शेतकरी अमुक तमुक यांनी सांगितले.’ नाव देता येत नसेल तर ‘एका शेतकऱ्याने’ लिहा, पण मग त्याच बातमीत ‘एका अधिकाऱ्याने’ हेही चालवा. नियम काहीही ठेवा, तो सगळ्यांना एकच हवा.

मग ‘तू’ म्हणणं म्हणजे अपमानच का? आपण आईला आणि विठ्ठलालाही ‘तू’च म्हणतो.

बरोबर, म्हणून नुसता ‘तू’ पाहून काही ठरत नाही. परतफेड होते का ते पाहायचं. दोन मित्र एकमेकांना ‘तू’ म्हणतात तेव्हा ती जवळीक. एक ‘तू’ म्हणतो आणि दुसऱ्याला ‘तुम्ही’च म्हणावं लागतं, तेव्हा ती उतरंड. रॉजर ब्राऊन आणि आल्बर्ट गिलमन यांनी 1960 मध्ये युरोपीय भाषांतल्या सर्वनामांबद्दल हेच दाखवलं होतं: एकतर्फी वापर सत्ता दाखवतो, दुतर्फी वापर सलगी किंवा समान अंतर.

मराठी घरात हा हिशेब चांगलाच रंगतो. बऱ्याच घरांत आईला ‘अगं आई, तू’ आणि वडिलांना ‘अहो बाबा, तुम्ही’. बायको ‘अहो’ म्हणते, नवरा ‘अगं’. आईला ‘तू’ म्हणण्यात माया आहे हे खरंच, पण त्याच घरात वडिलांना ‘तू’ म्हटलं तर माया दिसत नाही, उद्धटपणा दिसतो. जवळीक एकाच बाजूला का चालते, एवढा प्रश्न विचारला तरी पुरे.

‘करण्यात आले’ या रचनेला एवढा विरोध का? सरकारी भाषा तशीच असते.

असते, आणि म्हणूनच. ‘लाठीमार करण्यात आला’, ‘झोपड्या हटवण्यात आल्या’, ‘अर्ज नामंजूर करण्यात येत आहे’. तिन्ही वाक्यांत काम झालंय, करणारा कोणीच नाही. पाऊस पडावा तसा लाठीमार पडतो. शिवाय तो ‘सौम्य’ असतो. किती सौम्य, ते डोकं फुटलेल्याला विचारावं.

हीच सवय गुन्ह्यांच्या बातम्यांत जास्त नडते. ‘तरुणीवर अत्याचार झाला’ या वाक्यात तरुणी आहे, अत्याचार आहे, करणारा पुरुष नाही. ‘भरधाव कारने दोघांना चिरडले’ यात कार स्वतःच निघालेली आहे. ‘गटारात गुदमरून कामगाराचा मृत्यू’ यात त्याला सुरक्षेच्या साधनांशिवाय आत उतरवणारा कंत्राटदार गायब. हातानं मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणारा कायदा 1993 मध्ये झाला आणि 2013 चा कायदा त्याहून कडक आहे. तरी शीर्षकात गुन्हा दिसत नाही, दुर्दैव दिसतं.

दुरुस्ती अशी करा. आधी ‘-ण्यात आला/आली/आले/येत आहे/येईल’ शोधा. मग ‘कोणी?’ विचारा. उत्तर मिळालं की त्याला वाक्याच्या सुरुवातीला बसवा. नमुना:

आधी: ‘सर्व नागरिकांना सूचित करण्यात येते की, विहित मुदतीत थकीत रकमेचा भरणा न केल्यास नळजोडणी खंडित करण्यात येईल.’

नंतर: ‘31 मार्चपर्यंत पाणीपट्टी भरली नाही, तर पालिकेचा पाणीपुरवठा विभाग तुमचं नळकनेक्शन तोडेल. बिल चुकीचं वाटत असेल तर त्याआधी विभागाच्या उपअभियंत्यांकडे लेखी तक्रार द्या.’

दुसरं रूप शब्दांनी लांबलं तरी त्यात तारीख आहे, करणारा आहे आणि दाद मागायची जागा आहे. ‘कोणी?’ला उत्तरच मिळत नसेल तर ते कागदावरून काढून घ्यावं लागतं. माहिती अधिकाराच्या अर्जात ‘हा निर्णय का घेण्यात आला?’ असं लिहिलं तर तुम्हीही त्याच सापळ्यात पडता. ‘या आदेशावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव व पदनाम द्यावं आणि त्या निर्णयाच्या नस्तीची (फाइलची), टिपणीसह, प्रत द्यावी’ असं मागा. महाराष्ट्रात अर्जाला 150 शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा आहे, फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. शब्द मोजके असल्यामुळे ‘कृपावंत होऊन’, ‘आपल्या चरणी’ वगैरे आपोआप गळतं, ते बरंच. तुम्ही मागताय ती मेहरबानी नाही, हक्क आहे.

कर्मणी रचना कधीच वापरू नये असं मात्र नाही. करणारा खरंच कळलेला नसेल किंवा पीडितेची ओळख झाकायची असेल, तर ती योग्यच.

‘आपण’ आणि ‘आम्ही’ यात राजकारण कुठून आलं?

मराठीजवळ दोन ‘आम्ही’ आहेत. ‘आम्ही’ म्हणजे तुम्हाला सोडून, ‘आपण’ म्हणजे तुम्हाला धरून. इंग्रजीला आणि बऱ्याच भाषांना ही चैन नाही. त्यामुळे ‘आपण’ कधी वापरला जातो ते पाहिलं की बोलणाऱ्याचा हेतू उघडा पडतो. नफा वाटताना ‘कंपनीने ठरवलंय’, पगार कापताना ‘आपण सगळे एक कुटुंब आहोत’. टँकरवर जगणाऱ्या वस्तीला आणि रोज गाड्या धुणाऱ्या सोसायटीला एकाच दमात ‘आपल्याला पाणी जपून वापरायचंय’.

याची दुसरी बाजू जास्त टोकदार आहे. ‘आपल्यातलेच ना?’, ‘आपल्यात असं चालत नाही’, ‘मुलगी आपल्यापैकी आहे का?’ या वाक्यांत जात हा शब्द कुठेही नाही, तरी ऐकणाऱ्याला अर्थ कळायला क्षणही लागत नाही. ‘पूर्ण नाव काय?’, ‘मूळ गाव कुठलं?’, ‘नॉनव्हेज खाता का?’ हे त्याच प्रश्नाचे भाऊबंद. भाड्याच्या घराच्या जाहिरातीत ते ‘फक्त शाकाहारी कुटुंबास’ होऊन येतात. आणि विवाहविषयक जाहिरातींतलं ‘जातीची अट नाही (एससी, एसटी क्षमस्व)’ हे तर या विषयाचं एका ओळीतलं पाठ्यपुस्तक आहे. कंसाच्या बाहेर पुरोगामित्व, कंसाच्या आत बहिष्कार, आणि त्यावर संस्कृतातली माफी.

कॉलेजातला ‘तू ओपन की कॅटेगरी?’ हाही तसाच. खुल्या जागा कुठल्याही एका जातसमूहाच्या नसतात, गुणवत्तेवर त्या कोणालाही मिळतात. पण बोलण्यात ‘ओपन’ ही जणू जात नसलेल्यांची जात होऊन बसली आहे आणि ‘कॅटेगरी’ फक्त इतरांना असते.

शुद्धलेखनाचे नियम तर सगळ्यांना सारखेच असतात. त्यात अन्याय कसला?

आधी शब्दच पाहा: शुद्ध आणि अशुद्ध. सोवळ्याओवळ्याचा शब्द लिखाणाला लावला की चूक ही नुसती चूक राहत नाही, विटाळ होतो. म्हणून बरेच अभ्यासक ‘प्रमाणलेखन’ म्हणतात. त्यात फक्त ‘ठरवलेला संकेत’ एवढाच दावा आहे.

आता नियम. साहित्य महामंडळाचे 14 नियम शासनानं 1962 मध्ये मान्य केले, 1972 मध्ये चार वाढून ते 18 झाले. कित्येक बाबतींत त्यांनी लिहिणं सोपं केलं. न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, ही मोठी सुटका होती. पण ऱ्हस्व-दीर्घात एक अट राहिली: शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आलाय का, हे आधी माहीत हवं. ‘तीळ’ दीर्घ, ‘विष’ ऱ्हस्व. ‘सून’ दीर्घ, ‘गुण’ ऱ्हस्व. ‘गरीब’चं ‘गरिबाला’ होतं, पण ‘शरीर’चं ‘शरीराला’च राहतं. कान यात मदत करत नाही, घरात संस्कृत असेल तर होते. ज्या घरांना शतकानुशतकं संस्कृत शिकायचीच मनाई होती, त्यांच्या मुलांना हा नियम पाठ करावा लागतो. परीक्षेत गुण मात्र दोघांचे सारखेच कापले जातात.

उच्चारांचंही तेच. अर्वाचीन प्रमाण मराठी मुख्यतः पुण्याकडच्या शिकलेल्या ब्राह्मण बोलीवर बेतली गेली. 1831 चा मोल्सवर्थ यांचा कोश इंग्रज अधिकारी आणि त्यांच्या हाताखालचे शास्त्री यांनी मिळून घडवला, क्रमिक पुस्तकंही त्याच वर्तुळात तयार झाली. जोतीराव फुले यांनी 1885 मध्ये ग्रंथकारांच्या सभेचं निमंत्रण नाकारलं, त्यामागे हाच आक्षेप होता: ज्यांच्याबद्दल हे लिहितात त्यांचं जगणं यांच्या ग्रंथांत नाही. गंमत म्हणजे ‘पानी’ हा उच्चार हिंदीत अस्सल असतो, तोच मराठीत केला की माणूस अडाणी ठरतो. ध्वनी तोच; फरक फक्त कोणाच्या तोंडून आला याचा. मालिकांत नोकर, हवालदार आणि विनोदी मामा बोलीत बोलतात, नायक-नायिका प्रमाण भाषेत, हेही त्याच खात्यात जमा करा.

(हो, हे पानही प्रमाण मराठीतच लिहिलं आहे. त्या सोयीची किंमत इतर कोणी मोजलेली आहे, याची जाणीव ठेवूनच.)

वर्गात मूल ‘पानी’, ‘मला पुस्तक भेटलं’ असं म्हणालं तर शिक्षकानं काय करायचं?

आधी मुलाच्या मुद्द्याला उत्तर द्या, उच्चाराला नंतर. सगळ्यांसमोर दुरुस्ती टाळा; मूल बोली सोडत नाही, बोलणं सोडतं. फळ्यावर ‘घरी’ आणि ‘पुस्तकात’ असे दोन रकाने करा आणि मुलांनाच भरू द्या. ‘भेटलं–मिळालं’, ‘करून राहिलो–करतो आहे’ अशा जोड्या आठवड्यात दहा-बारा झाल्या तरी पुष्कळ. परीक्षेत प्रमाणलेखनाचे गुण वेगळे ठेवा, आशयाच्या गुणांतून कापू नका. प्रमाण भाषा शिकवायची आहेच, नाहीतर पुढची दारं बंद होतील. ती दुसरी भाषा म्हणून शिकवायची, पहिलीची दुरुस्ती म्हणून नाही.

एखादी बोली आहे की भाषा, हे कोण ठरवतं?

भाषाशास्त्र यात फारशी मदत करत नाही. ठरवतात ते जनगणना, शाळा आणि कायदा. 2011 च्या जनगणनेत खानदेशी (जिच्यात अहिराणी येते) ही मराठीपासून वेगळी भाषा म्हणून मोजली गेली, तिचे भाषक 18 लाखांहून जास्त भरले. व्यवहारात मात्र अहिराणीला सर्रास ‘मराठीची बोली’ म्हणतात. ज्या भाषेचे देशभरात 10,000 भाषकही नोंदले जात नाहीत, ती प्रसिद्ध तक्त्यात ‘इतर’मध्ये जाते. गोव्यात 1987 च्या राजभाषा कायद्यानं देवनागरी कोकणीला राजभाषा केलं, मराठीच्या शासकीय वापराची सोय ठेवली, आणि रोमी (रोमन) लिपीत कोकणी लिहिणारे त्या व्याख्येबाहेर राहिले. तिथला वाद भाषेइतकाच लिपीचा आहे.

नावं बदलून काही फरक पडतो का? ‘अपंग’चं ‘दिव्यांग’ केलं म्हणून रॅम्प थोडाच बांधला जातो?

रॅम्प बांधला जात नाही, हे खरं. पण सगळी नामांतरं एका मापानं मोजू नयेत. दोन प्रश्न विचारा: नाव कोणी ठेवलं, आणि त्यासोबत काय मिळालं.

सर्वांत ठोस उदाहरण जंगलातलं. पिढ्यान्‌पिढ्या कसणारा आदिवासी वनखात्याच्या कागदावर ‘अतिक्रमक’ होता. 2006 च्या वनहक्क कायद्यानं आपल्या उद्देशिकेतच ‘ऐतिहासिक अन्याय’ झाल्याचं मान्य केलं, आणि 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून ताब्यात असलेल्या जमिनीसाठी तोच माणूस ‘दावेदार’ झाला. माणूस तोच, जमीन तीच. शब्द बदलल्यामुळे पोलिसाऐवजी ग्रामसभेपुढे जायचा रस्ता उघडला. शहरात याच्या उलट दिसतं: झोपडी ते ‘अतिक्रमण’, टॉवरचे वाढीव मजले मात्र ‘नियमित करण्याचा प्रस्ताव’.

1871 च्या कायद्यानं काही जमातींवर जन्मापासून ‘गुन्हेगार’ असा शिक्का मारला. 1952 मध्ये तो कायदा रद्द झाला आणि त्या ‘विमुक्त’ झाल्या. सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलेल्या जागेला लोक आजही ‘सेटलमेंट’च म्हणतात. कागदावरचा शब्द गेला तरी चोरी झाली की पहिला संशय कुठे जातो, हे तिथल्या लोकांना विचारून घ्यावं.

‘हरिजन’ हे नाव वरून दिलेलं होतं. ‘दलित’ हे चळवळीनं स्वतः घेतलेलं, आणि 1972 च्या दलित पँथरनंतर ते अभिमानाचं झालं. ‘अनुसूचित जाती’ हे कायद्याचं नाव, आरक्षण आणि संरक्षण त्याला जोडलेलं. 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या आदेशानंतर केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयानं माध्यमांना ‘दलित’ टाळायची सूचना केली, तेव्हा चळवळीतल्या अनेकांचा विरोध यासाठीच होता: आमचं नाव आम्ही घेतलंय, तुम्ही का काढता? लिहिताना कायदेशीर संदर्भात ‘अनुसूचित जाती’ वापरा, बाकी ठिकाणी ती माणसं स्वतःला काय म्हणवतात ते विचारा. बरेच जण ‘बौद्ध’ म्हणवतात.

डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलून समतानगर, भीमनगर, शाहूनगर अशी नावं द्यायचं ठरवलं. पत्ता लिहिताना जात सांगावी न लागणं ही छोटी गोष्ट नाही. पण वस्ती गावाच्या त्याच टोकाला राहिली तर ‘भीमनगर’ हा शब्दही काही वर्षांत जातच सांगू लागतो.

आणि ‘मावशी’. घरकाम करणाऱ्या बाईंना ‘मोलकरीण’ म्हणू नये म्हणून आपण नातं जोडलं. नात्याला पगारी रजा नसते, हे त्यातलं गुपित. कायद्यातला शब्द ‘घरेलू कामगार’ आहे. राज्यानं 2008 मध्ये त्यांच्यासाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. प्रेमानं मावशी म्हणा, पण सुट्टी, बोनस आणि आजारपणाचा विषय निघाला की ‘कामगार’ म्हणा.

कु., सौ., श्रीमती यांचं काय करायचं?

पुरुष मोठा झाला की ‘श्री.’ होतो आणि मरेपर्यंत ‘श्री.’ राहतो. बाईच्या नावापुढे तिचं लग्न झालंय का आणि नवरा जिवंत आहे का, हे दोन्ही लिहिलेलं असतं. विधवांच्या नावापुढे ‘गं. भा.’ (गंगा भागीरथी) लावायची कल्पना 2023 मध्ये सरकारी पातळीवर पुढे आली तेव्हा टीका झाली ती यामुळेच: शब्द कितीही पवित्र असो, माहिती तीच उघड होते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेनं 2022 मध्ये विधवा प्रथाच बंद करायचा ठराव केला, तो जास्त मुळावर घाव होता.

पत्रिका, यादी, फलक यांत सगळ्या प्रौढ स्त्रियांना ‘श्रीमती’ लावा, किंवा कोणालाच काही लावू नका. अर्जात ‘पती/वडिलांचे नाव’ हा रकाना काढून ‘पालक किंवा संपर्कातील व्यक्ती’ ठेवा. लग्नानंतर आडनाव किंवा नाव बदलायची कायद्यानं सक्ती नाही. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम आहे. संस्थेचे जुने फॉर्म त्याप्रमाणे बदलून घ्या, नाहीतर मुलांच्या दाखल्यांत तफावत येऊन तुम्हालाच निस्तरावी लागेल.

‘बांगड्या भरल्यात का?’ वगैरे वाक्प्रचार टाळायचेच का? भाषा बेचव होईल.

होणार नाही, मराठीत भ्याडपणासाठी ‘शेपूट घालणे’ आहे, ‘पाय लावून पळणे’ आहे. कुठलीही जात किंवा बाईचं अंग न वापरता चिमटा काढता येतो. जुन्या साहित्यातल्या, लोकगीतातल्या म्हणी खोडू नका, त्या पुरावा आहेत. आपल्या भाषणात त्या वापरू नका, एवढंच.

आमच्या मंडळाचा अहवाल या दृष्टीनं तपासायचा आहे. सुरुवात कुठून करू?

वीसेक पानांचा अहवाल असेल तर एक दुपार पुरते. कागदावर छापून घ्या, पडद्यावर सवयीचं वाक्य डोळ्यांना दिसत नाही. पहिल्या वाचनात फक्त माणसांचे प्रत्यय पाहा, दुसऱ्यात फक्त ‘-ण्यात’, तिसऱ्यात नावांपुढच्या उपाध्या आणि ‘आपण’. एकाच वाचनात सगळं शोधायला गेलात की शब्दांवर अडकाल आणि क्रियापदं निसटतील. बहुतेकांची चूक इथेच होते. मग ज्यांच्याबद्दल अहवाल आहे त्यांच्यापैकी कोणाला तरी तो मोठ्यानं वाचून दाखवा. ऐकणारा जिथे ‘आम्ही असं नाही म्हणत’ म्हणेल, तिथे पेन्सिलीनं फुली मारा आणि ते काय म्हणतात ते समासात लिहून घ्या. आभाराचं पान शेवटी तपासा. देणगीदार ‘यांनी’ आणि सतरंज्या उचलणारी मुलं ‘आदींनी’, असं तिथेच सापडतं.